दुकानातल्या सिगारेटचा भुर्दंड रुग्णाला का?

मा. संपादक,
सादर नमस्कार.

३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनानिमित्त आपल्या पत्रव्यवहारात एका वाचकाने अमेरिकेतल्या सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीचं उदाहरण दिलं होतं. या कंपनीने २०१४ मध्ये आपल्या सगळ्या दुकानांतून सिगारेट काढून टाकली, आणि जे लोक सिगारेट विकणाऱ्या दुकानांतून औषध घेतील त्यांना औषध महाग पडेल अशी विम्याची योजनाही आणली. आपल्याकडच्या आरोग्य विमा कंपन्यांनीही असंच काही करावं, असं त्यांनी सुचवलं होतं. पत्र तळमळीने लिहिलेलं आहे. पण मी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका छोट्या गावात २० वर्षं औषधांच्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होते. मला ही सूचना पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

आधी माझ्याविषयी थोडं. मी मूळची सिन्नरची. आमच्या घरात विड्या वळल्या जायच्या. आई मांडीवर सूप घेऊन बसायची, पाण्यात भिजवलेली टेंभुर्णीची पानं पत्र्याच्या मापाने कापायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायची, दोरा बांधायची. दिवसाला हजार विड्या हे तिचं गणित. संध्याकाळी त्या कारखान्यात पोचवायच्या, तिथे माणूस बघून बघून काही विड्या बाजूला टाकायचा. त्याला छाट म्हणायचे. छाट झालेल्या विडीचे पैसे नाहीत. पुष्कळदा दोष पानाचा असायचा. पान किडकं, भोकं पडलेलं, आणि ते दिलेलं कारखान्यानेच. आई म्हणायची, ‘पान त्यांचं, कापले पैसे माझे.’ कधी पानं कमी पडली तर हजार भरायला ती पदरच्या पैशांनी विकत आणायची. त्या पैशांतून माझी नाशिकच्या डी.फार्म.ची फी भरली गेली. म्हणून तंबाखूवर बोलताना मला त्यात राबणाऱ्या बायकांचे हात आधी दिसतात. तरीही औषधाच्या दुकानात तंबाखू नको, याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही.

१९९३ मध्ये आम्ही अमेरिकेत गेलो. तिथे फार्मासिस्ट व्हायला पुन्हा परीक्षा, पुन्हा उमेदवारी. घर, मुली, पैसा, सगळ्याचा हिशेब बसेना. मी फार्मसी टेक्निशियन झाले आणि १९९९ पासून एका मोठ्या साखळीच्या दुकानात लागले. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तेव्हा बहुतेक साखळ्यांची तीच तऱ्हा होती.

आपल्या वाचकांना त्या दुकानाचा नकाशा डोळ्यांसमोर आणून द्यायला हवा. आपलं मेडिकल म्हणजे रस्त्यालगत एक काउंटर. तिथे औषधांचा विभाग दुकानाच्या अगदी मागच्या भिंतीला असतो. औषध घ्यायचं तर शाम्पू, चॉकलेट, शुभेच्छापत्रं, खेळणी असं सगळं ओलांडून जायचं आणि तसंच परत यायचं. दाराशी गल्ला. आमच्या दुकानात गल्ल्यावरच्या मुलीच्या पाठीमागे छातीपासून डोक्याच्या वरपर्यंत सिगारेटच्या पाकिटांची भिंत होती. सिगारेट सोडण्यासाठी अंगावर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या मात्र काचेच्या कुलुपबंद कपाटात, कारण त्या महाग आणि चोरीला जायच्या. सिगारेट सोडू पाहणाऱ्याला कुलूप उघडायला माणूस बोलवावा लागायचा. सिगारेट हवी असेल तर नुसतं बोट दाखवलं की झालं.

एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर दर महिन्याला यायचे. फुफ्फुसांचा जुना आजार, सीओपीडी. मी त्यांच्या हातात श्वासाचा पंप द्यायचे, वापरून झाल्यावर चूळ भरा म्हणून सांगायचे. मग ते हळूहळू दाराकडे चालत जायचे, मध्ये एकदा कुबडीवर टेकून दम घ्यायचे आणि गल्ल्यावर थांबून दोन पाकिटं घ्यायचे. मला मागच्या भिंतीपासून हे सगळं दिसायचं. दोन्ही पावत्यांवर आमच्याच दुकानाचं नाव.

त्यामुळे ५ फेब्रुवारी २०१४ ला सीव्हीएसने सिगारेट बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा मी खरोखर आनंदले. त्या कंपनीची साडेसात हजारांवर दुकानं होती. तंबाखूच्या गिऱ्हाइकांकडून वर्षाला सुमारे २ अब्ज डॉलरची विक्री होते, ती सोडून देतो, असं कंपनीने सांगितलं. एकूण उलाढाल सव्वाशे अब्जांच्या घरात, म्हणजे कंपनी बुडणार नव्हती हे खरं. पण हातातली विक्री सोडणारे दुकानदार मी फार पाहिलेले नाहीत. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख लॅरी मर्लो स्वतः फार्मासिस्ट. आरोग्यसेवा द्यायची आणि त्याच छपराखाली तंबाखू विकायची हे जुळत नाही, असं कंपनीने उघड म्हटलं. आमच्या फार्मासिस्ट मॅडमनी ती बातमी छापून मागच्या खोलीत डबे ठेवायच्या फ्रिजवर चिकटवली होती. ती कोणी काढली नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला, ठरल्यापेक्षा महिनाभर आधीच, त्यांच्या दुकानांतून सिगारेट गेली. ते पहिलेच होते असंही नाही, टार्गेट या मोठ्या दुकानांच्या साखळीने १९९६ मध्येच तंबाखू विकणं थांबवलं होतं. पण औषधांच्या मोठ्या साखळ्यांत हे पहिलं पाऊल.

त्याचा उपयोगही झाला. ज्या १३ राज्यांत सीव्हीएसचा बाजारातला वाटा मोठा होता तिथे पुढच्या आठ महिन्यांत सिगारेटच्या पाकिटांची विक्री, कुठल्याही दुकानातली, १ टक्क्याने घटली, असं कंपनीच्याच संशोधन विभागाने मांडलं. १ टक्का ऐकायला थोडा वाटतो. ती साडेनऊ कोटी पाकिटं होतात. नंतरच्या अभ्यासात असंही दिसलं की, जे फक्त तिथूनच सिगारेट घ्यायचे त्यांच्यात सिगारेट घेणं पूर्ण थांबवण्याची शक्यता इतरांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती. आपल्या वाचकाने हे कौतुक केलं असेल, तर त्यात माझाही सूर आहे. फक्त एक लक्षात घ्यायला हवं: मोजला गेला तो परिणाम दुकानातून पाकिटं गेल्याचा होता. औषध घेणाऱ्याला जास्त पैसे लावल्याचा नव्हता.

ते जास्त पैसे २०१४ च्याच ऑक्टोबरात आले, आणि ते समजायला तिथल्या औषधांच्या किमतीचा कारभार समजावा लागतो. आपल्याकडे पट्टीवर एमआरपी छापलेली असते. महाग असो, स्वस्त असो, घेण्याआधी वाचता येते. चार दुकानांत विचारता येते. तिथे गोळ्यांची किंमत काय हे गोळ्या हातात येईपर्यंत डॉक्टरला, रुग्णाला आणि बहुतेक वेळा मलाही माहीत नसायचं. मी विम्याच्या कार्डावरचे आकडे संगणकात घालायचे, ते दूर कुठेतरी जायचे आणि काही सेकंदांत उत्तर यायचं: या माणसाने स्वतःच्या खिशातून इतके द्यायचे. त्याला को-पे म्हणतात. एकाच गोळीला रांगेतल्या पहिल्या बाईला ५ डॉलर, दुसरीला ४०. जानेवारीत विम्याचं वर्ष नव्याने सुरू झालं की सुरुवातीचा ठरावीक खर्च पुन्हा स्वतःच करावा लागायचा, त्यामुळे डिसेंबरात १० डॉलर देणाऱ्या माणसाला मी शंभरावरचा आकडा सांगायचे. जानेवारी महिना आम्हाला सगळ्यांना नकोसा वाटायचा.

हे उत्तर पाठवणाऱ्या मधल्या कंपन्या असतात. नोकरी देणाऱ्या संस्थेच्या वतीने त्या औषधांचा खर्च सांभाळतात: कुठलं औषध यादीत, कुठलं दुकान पसंतीचं, कोणाला किती को-पे. अशीच एक बडी कंपनी, केअरमार्क, २००७ पासून सीव्हीएसच्या मालकीची आहे. म्हणजे दुकानही त्यांचं आणि कोणत्या दुकानात किती पैसे पडतील हे ठरवणारं टेबलही त्यांचं. सिगारेट बंद झाल्यावर केअरमार्कने नोकरी देणाऱ्या संस्थांपुढे एक पर्याय ठेवला. ज्यांनी तो घेतला, त्यांच्या कर्मचाऱ्याने तंबाखू विकणाऱ्या दुकानातून औषध घेतलं तर १५ डॉलरपर्यंत जादा को-पे. फिलाडेल्फिया शहराने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हा पर्याय स्वीकारल्याच्या बातम्या होत्या. तंबाखू न विकणारी इतर दुकानंही, टार्गेटसारखी आणि अनेक छोटी स्वतंत्र दुकानं, या योजनेत बसत होती, हे सांगितलं पाहिजे. पण मुख्य स्पर्धकांपैकी वॉलग्रीन्स आणि वॉलमार्ट सिगारेट विकत होते. त्यामुळे जादा पैसे नेमके कोणाच्या दारात लागणार हे उघड होतं. सीव्हीएसचा हेतू मी तपासत बसत नाही. मला त्या रांगेतला माणूस दिसतो.

१५ डॉलर म्हणजे काय, ते मी सांगते. औषध तयार करून पिशवीत घालून हुकाला लावायचं. माणूस यायचा, आकडा ऐकायचा. काही जण वाद घालायचे, ते सोपे. बहुतेक जण आवाज खाली आणून म्हणायचे, ‘राहू द्या, शुक्रवारी नेतो.’ शुक्रवार म्हणजे पगाराचा दिवस. पिशवी दोन आठवड्यांच्या आसपास तशीच राहिली की आम्ही गोळ्या परत साठ्यात टाकायच्या आणि विम्याला कळवायचं की रुग्णाने नेलं नाही. मी परत टाकलेल्या पिशव्यांत इन्सुलिन होतं, मुलांच्या दम्याचं औषध होतं, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. पिशवी सोडून जाताना लोक आमच्याकडे बघायचे नाहीत. ज्या माणसाला चार गोळ्या चालू आहेत त्याच्या प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर जादा आकडा लागला तर महिन्याकाठी ६० डॉलरपर्यंत जातात. आणि त्याने सिगारेट ओढलेलीही नाही! त्याच्या चालण्याच्या अंतरावर जे दुकान आहे, तिथे कोणीतरी कुणाला तरी सिगारेट विकतो, एवढाच त्याचा संबंध.

‘मग त्याने दुसऱ्या दुकानात जावं’, असं आपल्या वाचकांना वाटेल. ज्याच्याकडे गाडी आहे तो जाईल. आमच्या गावात गिरण्या बंद पडल्यावर मागे राहिलेली म्हातारी माणसं आमच्याकडे चालत यायची, बर्फ पडला की शेजाऱ्याला विनवायची. ज्याचं पाऊल अडखळतं त्यालाच औषधं जास्त लागतात.

चांगल्या निर्णयाचा खर्च असा गुपचूप रुग्णावर येऊन पडताना मी त्याआधीही पाहिला होता. दम्याच्या जुन्या पंपात ओझोनच्या थराला मारक वायू असायचा. तो २००८ अखेर बंद झाला. निर्णय योग्य होता. पण जुन्या पंपाबरोबर स्वस्त जेनेरिक पंपही गेले, आणि नव्या पद्धतीचे जे उरले ते सगळे ब्रँडचे, दुपटीहून महाग. २००९ च्या जानेवारीत माझ्यासमोर एक आई उभी होती, हातातल्या नोटा पुन्हा पुन्हा मोजत. ओझोनच्या थराबद्दल मी तिला काय सांगणार होते?

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कितीतरी वेळा असं व्हायचं की कार्डावर को-पे २० डॉलर दिसतोय आणि कार्ड न वापरता तीच गोळी रोखीने ९ डॉलरला बसते. वरच्या पैशांचा हिशेब त्या मधल्या कंपनीकडे. आणि हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगायची आम्हाला मुभा नव्हती, करारातच तसं कलम होतं. त्याने स्वतः विचारलं तरच सांगायचं. मग आमच्या फार्मासिस्ट मॅडम काउंटरवर दोन्ही हात टेकवून म्हणायच्या, ‘तुम्हाला मला काही विचारायचं आहे का? किमतीबद्दल?’ आणि वाट बघायच्या. काहींना कळायचं. काही म्हणायचे, ‘नाही, थँक यू’, आणि २० डॉलर देऊन जायचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रीय कायद्याने अशी कलमं बंद झाली, तेव्हा मी मॅडमना फोन करून रडले होते. ज्या व्यवस्थेत किंमत अशी पडद्याआड ठरते, तिच्या हातात ‘तंबाखूसाठी जादा आकारणी’ नावाचं आणखी एक बटण द्यायचं? आणि ते दाबणाऱ्याचं स्वतःचं दुकान असताना?

दुकानातून सिगारेट काढायची तर सगळ्या दुकानांतून काढा, कायद्याने काढा, आणि रुग्णाच्या पावतीला हात लावू नका, एवढंच माझं म्हणणं. हे होऊ शकतं, मी पाहिलं आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराने २००८ मध्ये औषध दुकानांत तंबाखू विकायला बंदी केली. तेव्हा सुपरमार्केट आणि मोठ्या गोदामवजा दुकानांमधल्या फार्मसींना सूट दिली होती. वॉलग्रीन्स कोर्टात गेली: औषध दोघेही विकतात, मग बंदी आम्हालाच का? वरच्या कोर्टाने २०१० मध्ये तो मुद्दा उचलून धरला. शहराने माघार घेतली नाही, सूटच काढून टाकली. मला ही गोष्ट फार आवडते. बॉस्टनने २००९ पासून बंदी लागू केली. मग मॅसॅच्युसेट्समध्ये एकेका गावाचं आरोग्य मंडळ सुनावणी ठेवून नियम करू लागलं.

आमच्या गावची सुनावणी २०१६ मध्ये झाली. शाळेच्या हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या, पन्नासेक माणसं. आमच्याच साखळीचे कोणी अधिकारी आले होते. लोक पेट्रोलपंपावरून घेतील, फक्त आमचं नुकसान होईल, असं ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. समोरच्या सीव्हीएसच्या दुकानातली सिगारेट दोन वर्षांपूर्वी बंद झाली तेव्हा काही गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून आमच्या गल्ल्यावर आलीच होती. एका दुकानाने सोडून भागत नाही ते यासाठीच. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं होती. माझी नोकरी त्याच दुकानात, पाय कापत होते. मी सिन्नरचं सांगितलं, आईचं सूप सांगितलं, छाट विडीचं सांगितलं, आणि म्हटलं की माझ्या काउंटरवर येणाऱ्या माणसाकडून या बदलाचा एक सेंटही घेऊ नका. नियम मंजूर झाला. मला कामावर कोणी काही बोललं नाही, हेही नोंदवते.

पुढे राज्याचाच कायदा आला आणि ३१ डिसेंबर २०१८ पासून मॅसॅच्युसेट्सच्या सगळ्या फार्मसींत तंबाखू बंद झाला. न्यूयॉर्क राज्याने २०२० मध्ये तेच केलं. बाकीच्या बहुतेक राज्यांत अजून औषधाच्या दुकानात सिगारेट मिळते. आपली मुलं-नातवंडं जिथे राहतात तिथेही. त्यांनी आपापल्या गावच्या सुनावणीला जावं, हेही हे पत्र लिहिण्यामागचं एक कारण आहे.

आता आपल्याकडचं. माझ्या पुतण्याचं सिन्नरला मेडिकल आहे. आजवर मी पाहिलेल्या कुठल्याही मेडिकलमध्ये सिगारेट नाही. ती शेजारच्या टपरीवर. पण आता साखळ्या आल्या आहेत, टक्क्यांच्या सवलतींचे फलक आले आहेत, बिस्किटं, शीतपेयं, साबण एकाच छताखाली येत आहेत आणि मॉलच्या एका कोपऱ्यात औषधं, दुसऱ्या कोपऱ्यात बाकी सगळं असा प्रकारही दिसतो. त्या नकाशाची मला ओळख आहे. म्हणून अन्न व औषध प्रशासनाला विनंती अशी की, ज्या छताखाली औषध विकलं जातं तिथे कोणत्याही रूपात तंबाखू विकला जाणार नाही, ही अट परवान्यात ठळक असावी आणि ती छोट्या मेडिकलपासून मॉलपर्यंत सगळ्यांना एकसारखी असावी. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखाबंदी केली ती नियम करून. अंमलबजावणीत किती भोकं आहेत ते टपरीवर दिसतंच, पण ती भोकं बुजवायला कोणी रुग्णालयातल्या माणसाच्या बिलात रक्कम वाढवा असं सुचवलं नाही.

विमा कंपन्यांना यात काही करायचंच असेल तर त्यांनी निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्यांचा आणि समुपदेशनाचा खर्च उचलावा. माझ्या आईसारख्या, तंबाखूची धूळ श्वासात घेऊन म्हाताऱ्या झालेल्या विडी कामगार बायकांच्या खोकल्याच्या तपासण्या कराव्यात. ती शेवटची दोन वर्षं रात्री उशाला टेकून बसूनच झोपायची.

त्या ट्रक ड्रायव्हरचं सांगायचं राहिलं. गावात नियम लागू झाल्यावर पहिल्या महिन्यात ते नेहमीसारखे आले. मी पंप दिला, को-पे नेहमीचाच होता. ते चालत दाराशी गेले, सवयीने गल्ल्यावर थांबले. भिंतीवर आता शुभेच्छापत्रं आणि बॅटऱ्या लावल्या होत्या. मुलीने त्यांना सांगितलं असावं. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग फिरले आणि एवढं अंतर पुन्हा चालत मागे माझ्याकडे आले. त्या काचेच्या कपाटाकडे बोट करून म्हणाले, ‘ते उघडून दाखवता का? केवढ्याला असतं?’ मी किल्ली आणायला गेले.

आपली,
एक निवृत्त फार्मसी टेक्निशियन,
नाशिक रोड